‘हहपुवा’ जन्मली कधी आणि नोंदली गेली कधी?

माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा मॅडमकडून परत आला तेव्हा पहिल्याच पानावर लाल पेनने एक शब्द गोल केलेला होता, ‘जन्म’. त्याच्याखालच्या ओळीत ‘अवतार’ या शब्दाखाली नुसतं प्रश्नचिन्ह. बाकी पान कोरं.

मी लिहिलेली वाक्यं अशी होती : ‘हहपुवा या शब्दाचा जन्म अमुक साली झाला. तो इंग्रजीतल्या लोल या शब्दाचा मराठी अवतार आहे.’ (साल मुद्दामच देत नाही. नंतर ते मी स्वतःच खोडलं, का ते पुढे येईलच.) दोन छोटी वाक्यं, दिसायला अगदी निरुपद्रवी. ती दुरुस्त करायला मला आठ महिने लागले. पेटची किंवा मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण ‘समाजमाध्यमांवरची मराठी’ असा विषय घ्यायचा म्हणतात. तुमच्या पहिल्या खर्ड्यात हीच दोन वाक्यं वेगळ्या कपड्यांत येणार याची मला जवळजवळ खात्री आहे, म्हणून हा लेख.

आधी ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी. हहपुवा म्हणजे ‘हसून हसून पुरेवाट’. मराठी माणसं इंटरनेटवर एकमेकांशी मराठीत गप्पा मारायला लागली ती साधारण नव्वदच्या दशकात. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू झालं, २००४ मध्ये मनोगत, २००७ मध्ये मिसळपाव. पुण्यातला माणूस, नागपूरची बाई आणि न्यू जर्सीतला मुलगा एकाच धाग्यावर बोलत होते. कुणी फजितीचा किस्सा लिहिला की खाली प्रतिसाद यायचे : ‘हहपुवा!’, ‘ह.ह.पु.वा. झाली’, ‘ठ्ठो’, ‘खिक्’. याचंच पुढचं भावंडं म्हणजे ‘हहगलो’, हसून हसून गडाबडा लोळणं. आणि यातलं माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ‘दिवे घ्या’. चेष्टेत काही टोचून बोललं की माणूस म्हणायचा, ‘लाइटली घ्या’. त्याचं झालं ‘लाइट घ्या’. लाइट म्हणजे दिवा. मग ‘दिवा घ्या’, आणि शेवटी वाक्यापुढे नुसतंच पणतीचं चित्र. भाषांतराचीच ही चेष्टा आहे. भाषांतर करायचं नाटक करायचं आणि मुद्दाम चुकीच्या अर्थाला धरायचं. दोन्ही भाषा चांगल्या येत असतील तरच हे जमतं आणि तरच कळतं.

एका मुलाखतीत समितीतल्या सरांनी मला विचारलं होतं, ‘हे सगळं गमतीचं आहे हो, पण यात संशोधन काय?’ तेव्हा मी गडबडले. आज विचारलं तर मी भरतमुनींचं नाव घेईन. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार दिले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधम. अतिहसिताची लक्षणं काय, तर डोळ्यांत पाणी, चढलेला आवाज आणि दोन्ही हातांनी कुशी धरणं. म्हणजे भरताच्या हिशेबाने हहपुवा हे अधम पात्राचं हसू झालं! कोणी किती आणि कसं हसावं याला आपल्याकडे दर्जा लावलेला आहे, तोही फार जुना. आणि इथे प्राध्यापक, इंजिनिअर, गृहिणी, निवृत्त बँक अधिकारी चारचौघांत लिहून सांगत होते की आम्ही कुशी धरून हसलो. या शब्दांचा अभ्यास का करायचा, याचं एवढं उत्तर मला पुरेसं वाटतं.

आता मॅडमच्या लाल गोलाकडे येऊ. शब्दाचा जन्म आणि शब्दाची पहिली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य तुम्ही पुस्तकात वाचलं असेल, मीही वाचलं होतं. तरी लिहिताना विसरले. कारण या दोन गोष्टी क्वचित एकत्र सापडतात आणि सापडल्या की आपण लाडावतो.

एकत्र सापडतात त्याचं नमुनेदार उदाहरण इंग्रजीतलं ‘चॉर्टल’. आनंदाने घशातल्या घशात खिदळणं असा आज त्याचा अर्थ आहे. हा शब्द लुईस कॅरलने बनवला. ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ या पुस्तकातल्या ‘जॅबरवॉकी’ नावाच्या निरर्थक कवितेत तो आला. पुस्तक बाजारात आलं डिसेंबर १८७१ मध्ये, पण मुखपृष्ठामागच्या पानावर साल छापलंय १८७२. (लक्षात ठेवा, छापील सालसुद्धा एक वर्षाने फसवतं.) ‘चकल’ म्हणजे गालातल्या गालात हसणं आणि ‘स्नॉर्ट’ म्हणजे नाकाने फुरफुरणं, या दोहोंची ती मोट असावी असा कोशकारांचा कयास आहे. इथे बनवणारा माहीत, पुस्तक माहीत, साल माहीत. असं सुख शब्दांच्या अभ्यासकाला फार वेळा मिळत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला ‘लोल’, म्हणजे ‘लाफिंग आउट लाउड’ची आद्याक्षरं. ऐंशीच्या दशकात कॅनडातल्या कॅल्गरी शहरात, संगणकावरच्या एका गप्पांच्या खोलीत आपण हे पहिल्यांदा टंकलं असं एक गृहस्थ सांगतात. खरंही असेल. पण त्या गप्पांची नोंद उरलेली नाही. हातात धरता येतो तो कागद मे १९८९ मधला, ‘फिडोन्यूज’ नावाच्या संगणकीय वार्तापत्रातला. त्यात अशा संक्षेपांची एक यादी आहे आणि यादीत लोल आहे. आता विचार करा. कोणी यादी करतं म्हणजे शब्द आधीच लोकांच्या वापरात आहे, नवख्यांना कळत नाही म्हणूनच यादी लागते. म्हणजे १९८९ हे जन्माचं साल असूच शकत नाही. तो बारशानंतरचा, बाळ चालायला लागल्यावर काढलेला फोटो आहे. ऑक्सफर्ड कोशात लोलचा समावेश झाला २०११ मध्ये. आणि कोशकारांना आणखी एक गंमत सापडली : १९६० च्या सुमारास हीच तीन अक्षरं इंग्रजीत ‘लिटल ओल्ड लेडी’, म्हणजे ‘छोटीशी म्हातारी’, या अर्थाने वापरली जात होती. म्हणून नुसतं अक्षरांवर शोध लावला आणि सगळ्यात जुनं सापडलं ते उचललं, तर हसण्याच्या जागी आजीबाई हाती लागायच्या.

माझं काय झालं होतं? मी शोधखिडकीत ‘हहपुवा’ टाकलं, तारखेप्रमाणे लावलं, सर्वात जुनी नोंद घेतली आणि ‘जन्म’ लिहून मोकळी झाले. मॅडमनी तीनच प्रश्न विचारले. ‘टिंबं देऊन शोधलंस का? मध्ये जागा सोडून? आणि देवनागरी नसलेल्या काळात?’

पहिले दोन प्रश्न सोपे होते. ‘ह.ह.पु.वा.’, ‘ह ह पु वा’, ‘हहपुवाऽऽ’ ही सगळी रूपं वेगवेगळी शोधावी लागतात, यंत्राला ती एकच आहेत हे कळत नाही. नुसत्या या बदलाने माझं साल मागे सरकलं. तिसऱ्या प्रश्नाने मात्र जमीनच सरकली.

आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ती युनिकोडमध्ये. देवनागरी युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत होती, पण कागदावर असणं आणि घराघरातल्या संगणकावर चालणं यात पुष्कळ वर्षं गेली. मधल्या काळात माणसं दोन प्रकारे मराठी लिहीत. एक, सरळ रोमन लिपीत. दोन, शिवाजीसारखे फॉन्ट वापरून. या फॉन्टमध्ये युक्ती अशी की संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असतं, फक्त त्याला देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट आहे तोवर ‘क’ दिसतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो आणि खाली काहीतरी निरर्थक रोमन अक्षरांची रास राहते. वर्तमानपत्रांची त्या काळची संकेतस्थळंही अशीच होती, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. तेव्हाची जी पानं उरली आहेत त्यात कोणी हसून हसून लोळलं असेल तरी ‘हहपुवा’ टाकून ते सापडणार नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तिथे ‘ह’ नाहीच.

म्हणजे मी ज्याला शब्दाचा जन्म म्हणत होते ती प्रत्यक्षात युनिकोड रुळल्याची तारीख होती. शब्दाबद्दल काहीच न सांगणारी, फक्त माझ्या साधनाची मर्यादा सांगणारी. ऐतिहासिक कागदपत्रांवर काम करणाऱ्या मित्राला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, ‘आमच्याकडे वाळवी खाते, तुमच्याकडे फॉन्ट खातो.’

आता दुसरं वाक्य, ‘अवतार’वालं. इथे मला प्रश्नचिन्हाचा राग आला होता, खरं सांगते. लोल आधीचं आहे, मराठी संकेतस्थळांवरची बरीच मंडळी अमेरिकेत होती, इंग्रजी गप्पांत लोल वापरत होती, मग त्यावरूनच हहपुवा आली नाही तर काय? मॅडम म्हणाल्या, ‘कल्पना तिथून आली असेल. साचा कुठला आहे ते बघ.’

साचा म्हणजे काय, ते बघताना मला आपल्या रोजच्या संक्षेपांचे दोन गट दिसले. एसटी, पीएमटी, एमपीएससी हा एक गट. यात इंग्रजी शब्दाचं पहिलं वर्ण घेऊन त्याचं इंग्रजी नाव उच्चारायचं. दुसरा गट शेकाप, मसाप, मनसे यांचा. यात मराठी शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं, आणि अक्षर म्हणजे मात्रेसकट. शेतकरीचा ‘श’ नाही, ‘शे’. सेनेचा ‘से’. हहपुवा कुठे बसते? पुरेवाटमधून नुसता ‘प’ घेतलेला नाही, ‘पु’ घेतलाय. हा शेकापचा साचा झाला, लोलचा नाही.

आणि हा साचा शेकापच्याही कितीतरी आधीचा. घरात जुनं पत्र असेल तर काढून बघा. वर ‘सा.न.वि.वि.’ असेल, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वडीलधाऱ्यांना असेल तर ‘शि.सा.न.वि.वि.’, साष्टांगाच्या आधी शिरही टेकवलेलं. लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां.’, कीर्तनाच्या फलकावर ‘ह.भ.प.’. आणखी मागे गेलं तर मोडी कागदांत मौजेचं ‘मौ॥’, मुक्कामचं ‘मु॥’, परगण्याचं ‘प॥’, आणि हिजरी तारखेच्या आधी चंद्रासाठी एकटा ‘छ’. कारकुनाला दिवसात ढीगभर पत्रं लिहायची असायची. जो शब्द समोरच्याला पाठच आहे तो पूर्ण लिहिण्यात बोरू का झिजवायचा? पहिलं अक्षर लिहायचं, दोन दंड मारायचे, पुढचा कागद. अक्षरामागचं टिंब इंग्रजी छपाईच्या वळणाने आलं, पण अक्षर तोडून घ्यायची रीत इथलीच.

आता ‘ह.ह.पु.वा.’ टिंबं देऊन लिहिलेली बघा आणि शेजारी ‘सा.न.वि.वि.’ ठेवा. चार अक्षरं इथे, चार तिथे, शेवटची दोन मात्रा घेऊन. पहिल्या पिढीतले लिहिणारे पत्रं लिहितच मोठे झालेले होते. पत्राचा मायना बोटांत होता.

एक बारीक गोष्ट इथे मला फार आवडली. हसून, हसून, पुरेवाट असे तीन शब्द, मग अक्षरं तीन हवीत, ‘हहपु’. चौथं ‘वा’ कुठून आलं? ज्याने कोणी हे पहिल्यांदा केलं त्याच्या कानाला पुरेवाट हा एक शब्द वाटलाच नाही, ‘पुरे’ आणि ‘वाट’ असे दोन वाटले. व्याकरण न शिकवता मराठी माणसाच्या कानाने केलेली ही फोड आहे. शिवाय हहपु म्हणून बघा, ओठ मिटतात आणि शब्द विझतो. ‘वा’वर तोंड उघडं राहतं.

व्याकरणाचा पुरावा याहून पक्का आहे. लोक काय लिहितात? ‘माझी हहपुवा झाली.’ झाली. स्त्रीलिंग. पूर्ण शब्द संक्षेपात नाहीसा झाला तरी पुरेवाटचं लिंग क्रियापदात टिकून आहे. ‘लोल’ला मराठीत असं काही करता येत नाही, तो प्रतिसादाच्या शेवटी पाहुण्यासारखा एकटा उभा राहतो. वाक्यात शिरून झाली-होईल-होत होती करणारी हहपुवा घरातली आहे.

मग ‘अवतार’ खोडून मी काय लिहिलं? असं लिहिलं की, हसल्याची खबर संक्षेपाने द्यायची ही चाल बहुधा इंग्रजी गप्पांवरून उचललेली आहे, पण शब्द घडला तो मराठी पत्रांच्या साच्यात. ‘बहुधा’ हा शब्द लिहायला मला लाज वाटायची, तुम्हीही तो टाळत असाल. टाळू नका.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. जो तो आपल्या घरच्या साधनाने हसतो. थाई भाषेत पाचला ‘हा’ म्हणतात, म्हणून तिथली माणसं ५५५ लिहितात. फ्रेंच लोक ‘मॉर द रीर’, म्हणजे हसून मेलो, याची तीन आद्याक्षरं टाकतात. जपानी माणूस हसण्याच्या ‘वाराई’ शब्दाचं रोमन डब्ल्यू अक्षर टंकतो. खूप हसू आलं की डब्ल्यूंची रांग, ती रांग दिसते गवतासारखी, म्हणून आता नुसतं ‘कुसा’, म्हणजे गवत, असंही लिहितात. यात ढोबळ दोन जाती दिसतात. काही भाषा हसण्याचा आवाज लिहितात, काही हसण्याचं वर्णन आखडून लिहितात. हहपुवेत दोन्ही आहे. वर्णन आखडलेलं आहे, पण सुरुवातीचे दोन ‘ह’ मोठ्याने वाचा, ते स्वतःच हसतात. हे ठरवून झालं असेल असं मला वाटत नाही. संस्कृतातल्या ‘हस्’ धातूतच तो आवाज बसलेला आहे, आखडताना फक्त वरचं टरफल निघालं.

२०१५ मध्ये ऑक्सफर्डने वर्षाचा शब्द म्हणून एक चित्रच निवडलं, हसून डोळ्यांतून पाणी येणारा पिवळा चेहरा. तो आल्यापासून हहपुवेचं काम बरंच हलकं झालं. माझ्या धाकट्या भावाला हा शब्द माहीत नाही, त्याच्या गटात ‘मेलो’ किंवा नुसते तीन पिवळे चेहरे चालतात. भरताच्या अतिहसितातले डोळ्यांतले अश्रू आले, हातांनी धरलेल्या कुशी मात्र गेल्या. पण इथेच संशोधकाने घाई करायला हवी. वापरणारी माणसं आहेत, बोलायला तयार आहेत. त्यांची मोठमोठी चर्चेची पानं मात्र कुठल्या तरी सर्व्हरवर आहेत आणि सर्व्हरचं भाडं कोणीतरी खिशातून भरतंय.

मी सध्या रोमन लिपीतल्या जुन्या मराठीच्या मागे आहे. आत्या नव्वदच्या दशकात अमेरिकेला गेली तेव्हा ती आजोबांना ई-मेल पाठवायची, कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून बाबा ते छापून आणायचे. आजोबांना रोमन अक्षरांतली मराठी वाचायला त्रास व्हायचा, म्हणून ते ओळीच्या वर पेन्सिलने देवनागरी लिहीत. दिवाळीत माळ्यावरून ती फाइल काढली. हहपुवा त्यात नाही. एका पत्रात शेजारच्या अमेरिकन बाईने पुरणपोळीवर केचप घातल्याची हकीकत आहे आणि तिथे आत्याने अख्खं लिहिलंय, हसून हसून पुरेवाट झाली. आजोबांनी त्यावर पेन्सिलने देवनागरी केली नाही, बहुधा ते हसत असावेत. मायना मात्र प्रत्येक पत्रात रोमन लिपीतच आहे, टिंबांसकट, शि.सा.न.वि.वि.